इंजिन बंद पडलं तर: आधी नाक, मग शेत, मग बाकी सगळं

प्रश्न असा आहे: "सीपीएलचं (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याचं) प्रशिक्षण चालू आहे, सेसना १७२ या छोट्या विमानावर साठेक तास झालेत. फोर्स्ड लँडिंगच्या (इंजिनाशिवाय शेतात उतरण्याच्या) सरावात बहुतेक वेळा मी शेतापर्यंत पोचत नाही, आणि कधी त्याच्या पार पलीकडे जातो. इन्स्ट्रक्टर म्हणतात, जजमेंट हळूहळू येईल. पण ते येतं कसं? आणि टेकऑफनंतर ५०० फुटांवर इंजिन गेलं, तर धावपट्टी मागेच असताना खरंच वळायचं नाही? आई रोज विचारते, इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं का?"

आईच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

नाही, दगडासारखं येत नाही. पंखाला इंजिनाशी काही देणंघेणं नसतं. त्याच्या अंगावरून हवा ठरावीक वेगाने गेली की तो विमान उचलून धरतो. इंजिन चालू असताना तो वेग पेट्रोलमधून मिळतो, बंद पडलं की उंचीतून. आईला सायकलचं उदाहरण द्या. उतारावर पायडल न मारता सायकल पळते, तसंच हे. फक्त आपला उतार आपण बरोबर घेऊन फिरतो, आणि जितके वर असू तितका तो लांब.

आता आकडे. जुन्या १७२ चा ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत खाली येण्याचा, वेग ६५ नॉट (ताशी नॉटिकल मैल), १७२ एस चा ६८, सेसना १५२ चा ६०. तुमच्या विमानाच्या हँडबुकात जो असेल तोच खरा, तो पाठ हवा. त्या वेगाने १७२ साधारण ९ फूट पुढे जाताना १ फूट खाली येतं. म्हणजे जमिनीपासून ३००० फुटांवर असाल तर वारा नसताना सुमारे साडेचार नॉटिकल मैल, आठेक किलोमीटर पल्ला आणि चार मिनिटं हातात असतात. समोरून २० नॉटचा वारा असला तर तोच पल्ला तीन मैलांवर येतो, पाठीमागून असला तर सहाच्या जवळ जातो. आणि "जमिनीपासून" या शब्दाकडे नीट लक्ष द्या. पुणे, बारामती पट्ट्यातली जमीनच समुद्रसपाटीपासून १८०० ते २००० फुटांवर आहे. अल्टिमीटर (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारं घड्याळ) ३५०० दाखवत असेल तर तुमच्या खाली ३५०० नाही, दीड हजार फूट आहेत, म्हणजे जेमतेम दोन मिनिटं. सरावात ही वजाबाकी न करणारे विद्यार्थी मी दर बॅचमध्ये पाहतो.

इंजिन गेल्यावर पहिलं काम वेगाचं. क्रूझमध्ये १०० नॉटच्या आसपास असाल तर थोडी सवड असते. उंची धरून ठेवा, वेग आपोआप ६५ वर येऊ द्या, मग नाक खाली आणि लगेच ट्रिम. चढताना गेलं तर ही सवड नसते. नाक वर असतं, वेग ७०-७५, आणि तो तीन-चार सेकंदांत संपतो. तेव्हा योक (विमानाचं स्टिअरिंग) पुढे ढकलायचा, आणि तुमची अपेक्षा असते त्यापेक्षा बराच जास्त ढकलायचा. माणसाचा हात नेमका उलट वागतो. मी न सांगता थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा नॉब) मागे ओढला की पहिल्या दोन सेकंदांत विद्यार्थी काहीच करत नाही. मग तो इंजिनच्या घड्याळांकडे बघतो, आणि बघता बघता योक पोटाकडे येऊ लागतो. खाली जायचं नाही म्हणून शरीर स्वतःच तो ओढतं. हात आधी पुढे जाण्याची सवय शंभर वेळा करूनच लागते.

ट्रिमचा आग्रह मी फार धरतो. एकदा ६५ ला ट्रिम केलं की विमान स्वतः तो वेग धरतं आणि तुमचं डोकं शेतासाठी मोकळं राहतं. ट्रिम न करता रेडिओ, चेकलिस्ट आणि शेत अशा तीन गोष्टींच्या मागे लागलं की वेगाकडे कुणाचंच लक्ष राहत नाही.

आता शेत. वैमानिकाला शेती कळायला हवी, असं मी दर बॅचला सांगतो, आणि शहरातून आलेल्या मुलांना रविवारी गाडीत घालून इंदापूर, दौंडकडे फिरवतो. वरून हिरवा चौकोन दिसतो तो काय आहे, हे खाली उभं राहून पाहिलेलं असलं पाहिजे. तीन हजार फुटांवरून द्राक्षबाग सपाट हिरव्या चटईसारखी दिसते. प्रत्यक्षात तो लोखंडी अँगल आणि तारांचा मांडव असतो, त्यात कधीही जायचं नाही. पॉलिहाऊस आणि प्लास्टिक अंथरलेलं शेततळं वरून चकाकतात म्हणून ओळखू येतात. उभा ऊस माणसाच्या दुप्पट उंचीचा असतो. तो धक्का थोडा झेलतो, पण विमान उलटण्याची शक्यता मोठी. दुसरं काहीच नसेल तर उसाचा शेंडा हीच जमीन समजून, कमीत कमी वेगाने बसायचं.

बाजरी, ज्वारी काढून नेलेलं, धसकटं उभी असलेलं रान मला सगळ्यांत आवडतं. माळरानही चांगलं, मुरमाड आणि घट्ट असतं, फक्त दगडधोंडे बघायचे. काळ्या रानाचं मात्र महिन्यागणिक बदलतं. पावसाळ्यात आणि नंतर वाफसा येईपर्यंत त्यात चाकं रुततात आणि नाक जमिनीत जातं. उन्हाळी नांगरटीनंतर त्याच रानात दगडासारखी ढेकळं असतात. नांगरलेल्या शेतात उतरायचंच असेल तर सरीच्या दिशेने, आडवं कधीच नाही, वारा थोडा बाजूने आला तरी चालेल.

दोन गोष्टी वरून जवळजवळ दिसतच नाहीत. पहिली बांध. आपल्याकडे, विशेषतः १९७२ च्या दुष्काळी कामांच्या काळापासून, उतारावर समतल बांध जागोजागी घातले गेले. दुपारी बारा वाजता वरून पाहिलं तर सगळं रान एकसलग दिसतं. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्याच बांधांच्या सावल्या पडतात, म्हणून तुमचा सरावाचा भाग एकदा सकाळी साडेसातला नीट पाहून ठेवा. दुसरी गोष्ट तारा. तारा शोधू नका, त्या दिसत नाहीत. खांब शोधा. जिथे विहीर आहे तिथे मोटार आहे, जिथे मोटार आहे तिथे जवळ डीपी आहे, आणि डीपीला तारा कुठून तरी आलेल्याच असतात. दोन सिमेंटचे खांब दिसले की त्यांच्यामध्ये तार आहेच असं धरून चालायचं.

रस्त्याचा मोह सोडा. १७२ चे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११ मीटर आहेत. गावाकडच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी बाभळी किंवा लिंब, आणि एका कडेने तारा. हायवेवर दुभाजक, पाट्या, पूल आणि ट्रक. ट्रकवाल्याला तुम्ही मागून येताय हे कळायचं काही कारण नाही.

वारा कुठून आहे हे पाचट पेटवलेल्या फडाचा धूर सांगतो, साखर कारखान्याचं धुराडं सांगतं, ट्रॅक्टरमागची धूळ सांगते. पण ही माहिती इंजिन गेल्यावर शोधायची नसते. उड्डाणभर दर काही मिनिटांनी स्वतःला विचारत राहा: आत्ता गेलं तर कुठे, आणि वारा कुठला? मी स्वतः अजूनही प्रवासी म्हणून बसलो तरी खिडकीतून शेतं निवडत असतो.

तुमचा पहिला प्रश्न, जजमेंट. तुम्ही शेतापर्यंत पोचत नाही याचं कारण बहुधा तुमच्या रोजच्या सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या चौकोनी फेरीत) आहे. डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जाताना) धावपट्टी डाव्या खिडकीतून स्ट्रटच्या (पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांड्याच्या) अमुक ठिकाणी दिसते, ही तुमच्या डोळ्यांना सवय झालेली आहे. पण ते सर्किट इंजिनच्या जोरावरचं आहे. इंजिनाशिवाय १००० फुटांत तुमच्याकडे एकूण दीड नॉटिकल मैल अंतर असतं, आणि त्या दीड मैलात डाउनविंडचा उरलेला भाग, बेस (धावपट्टीकडे येणारी आडवी बाजू), फायनल (धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा टप्पा) आणि दोन वळणं एवढं सगळं बसवायचं असतं. वळणात विमान जास्त खाली येतं ते वेगळंच. नेहमीच्या रुंदीचं सर्किट यात बसतच नाही. म्हणून उतरण्याची जागा बाजूला आली तेव्हा १००० फूट उंची, आणि ती जागा स्ट्रटवर नेहमीपेक्षा आत, विमानाच्या जवळ दिसली पाहिजे. बेसचं वळणही लवकर घ्यायचं.

कधी कधी पलीकडे जाता, त्याचं कारण त्याच चुकीचं दुसरं टोक आहे. दोनदा तीनदा कमी पडलं की माणूस घाबरून खूप जवळ राहतो, आणि मग उंची घालवता येत नाही. ही चूक मला परवडते, कारण जास्तीची उंची घालवायचे उपाय आहेत: बेस थोडा लांबवा, फ्लॅप (पंखामागचे खाली येणारे पाटे) घ्या, साइडस्लिप करा, म्हणजे विमान तिरकं धरून उंची घालवा (तुमच्या मॉडेलला फ्लॅपसह स्लिपवर निर्बंध आहे का ते हँडबुकात बघून). कमी पडलेल्या उंचीवर मात्र काहीच उपाय नाही. म्हणून नेम शेताच्या पहिल्या कडेवर धरू नका, आत एक तृतीयांश अंतरावर धरा. फ्लॅपने ती जागा नंतर अलीकडे आणता येते.

फायनलवर एक साधी खूण. काचेवर एखाद्या मेलेल्या किड्याचा डाग असतोच. वेग ६५ ला स्थिर आहे, आणि नेम धरलेली जागा त्या डागापाशी आहे. आता फक्त बघा. जागा काचेवर वर सरकत असेल तर तुम्ही कमी पडताय. खाली, नाकाकडे सरकत असेल तर जास्त आहात. जिथल्या तिथे राहून नुसती मोठी होत असेल तर तिथेच पोचाल. पण वेग हलता असेल तर ही खूण खोटं बोलते, कारण नाक वरखाली झालं की डागही हलतो. कमी पडतोय असं दिसल्यावर नाक वर करून ताणायचा मोह होतो, तेव्हा हेच आठवा. ६५ च्या खाली जाऊन पल्ला वाढत नाही, कमी होतो, आणि त्यापुढे स्टॉल आहे, म्हणजे पंख विमान उचलून धरेनासा होतो.

शेत ठरलं आणि विमान तिकडे वळलं, मगच इंजिनाकडे. हँडबुकातला क्रम तोंडपाठ हवा. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या १७२ मध्ये पहिला हात कार्ब हीटवर, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणाऱ्या नॉबवर. याला कारण आहे. कार्ब हीटची गरम हवा एक्झॉस्टच्या उष्णतेवर तयार होते. इंजिन थांबलं की एक्झॉस्ट थंड होत जातो, आणि उशिरा ओढलेल्या कार्ब हीटमध्ये काही दम उरत नाही. मग फ्युएल सिलेक्टर 'बोथ'वर (दोन्ही टाक्या), मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त), मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रं) 'बोथ'वर, प्रायमर (इंजिन सुरू करतानाचा पेट्रोलचा हातपंप) आत आणि लॉक. प्रॉपेलर बहुतेक वेळा वाऱ्याने फिरत असतो, त्यामुळे दोष सुधारला तर इंजिन आपोआप पकडतं. एकदा सगळं करून काही झालं नाही तर पुन्हा पुन्हा त्याच नॉबांशी खेळत बसू नका.

रेडिओ त्यानंतर. ज्या फ्रिक्वेन्सीवर आहात तिथेच तीन वेळा 'मेडे', विमानाचं नाव, कुठे आहात, काय झालं, आत किती जण. ट्रान्सपाँडर (रडारला विमान दाखवणारं यंत्र) ७७०० या आणीबाणीच्या कोडवर. उत्तर आलं नाही तर १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. मला काही मुलं भेटतात ज्यांना मेडे म्हणायला संकोच वाटतो, नंतर कागदपत्रं भरावी लागतील म्हणून. भरू. एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) खाली कुणाला तरी तुमच्याकडे पाठवायला सुरुवात करणं त्या कागदांपेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

पूर्ण बंद पडण्यापेक्षा अर्धवट बंद पडणं जास्त फसवं असतं. यावर सरावात फार कमी वेळ दिला जातो, म्हणून माझा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर संपता संपता एका विद्यार्थ्याबरोबर जमिनीपासून साधारण २२०० फुटांवर होतो. इंजिन अचानक थरथरू लागलं, आरपीएम २३०० वरून १७०० वर. कार्ब हीट ओढलं, मॅग्नेटो एकेक करून पाहिले, फरक नाही. ६५ नॉटला मिनिटाला २०० फूट खाली येत होतो. धावपट्टी ११ मैलांवर. हिशेब बसत होता: दहा मिनिटं, दोन हजार फूट. उजव्या हाताला बाजरी काढलेलं लांबलचक रान होतं, वाऱ्याच्या रेषेत. मी ते सोडलं. इंजिन चालतंय तर विमान घरी नेऊ, असं वाटलं. सहा मिनिटांनी, हजार फूट उरले असताना, एक दणका बसला आणि इंजिन आयडलच्या (सगळ्यांत कमी फेऱ्यांच्या) खाली गेलं. आता खाली काय होतं ते निवडायला मिनिटभर होतं. एक अरुंद नांगरट मिळाली. सरीच्या दिशेने बसलो, वेग बराच कमी झाला, आणि शेवटी न दिसलेल्या बांधावर नाकाचं चाक मोडलं, प्रॉपेलर वाकला. आम्हाला दोघांना खरचटलंही नाही, कारण खांद्याचे पट्टे आवळलेले होते. विमान थांबल्यावर पॅनेलमागे जायरो अजून गुरगुरत होते आणि कुठेतरी विहिरीवरची मोटार चालू होती, एवढंच ऐकू येत होतं.

एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चिकटला होता. दुसऱ्या दिवशी मी त्या पहिल्या बाजरीच्या रानात जाऊन पावलं मोजली. ४२० पावलं, घट्ट जमीन, मध्ये एकही बांध नाही. तेव्हापासून माझा नियम असा आहे: खडखडणारं इंजिन म्हणजे बंद पडलेलं इंजिनच समजायचं. त्याची उरलेली ताकद वापरायची ती जवळचं चांगलं शेत नीट निवडून तिथे सावकाश बसण्यासाठी.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ५०० फुटांवर वळायचं नाही. "नियम आहे म्हणून" हे उत्तर मला स्वतःला कधी पटलं नाही, म्हणून गणित करून दाखवतो. मे महिन्यातली दुपार, ४० अंश, दोन हजार फुटांवरची धावपट्टी. विमानाला ती हवा साधारण साडेपाच हजार फुटांवरच्या हवेसारखी पातळ लागते. भरलेलं जुनं १७२ अशा वेळी मिनिटाला जेमतेम ५०० फूट चढतं. ७५ नॉटला म्हणजे १५ फूट पुढे गेल्यावर १ फूट वर. आणि ग्लाइडमध्ये ९ फूट पुढे गेल्यावर १ फूट खाली. ज्या वाटेने चढलात, तिच्यापेक्षा उतरायची वाट जास्त तीव्र आहे. फुकटात, जागच्या जागी, एक फूटही न गमावता उलटं वळता आलं असतं तरी धावपट्टीच्या जिथून चाकं उचलली तिथवर पोचला नसता. थोडा आधार मागे राहिलेल्या धावपट्टीच्या लांबीचा आणि आता पाठीशी आलेल्या वाऱ्याचा, तेवढाच.

आणि वळण फुकट नसतं. धावपट्टीच्या रेषेवर परत यायला १८० अंश पुरत नाहीत, सव्वादोनशेच्या वर वळावं लागतं. ३० अंश बँकने (विमान बाजूला कलवून) त्याला पंचवीसेक सेकंद आणि साडेतीनशे फूट जातात, शिवाय इंजिन गेल्याचं पटेपर्यंतचे चार सेकंद. घाईने बँक वाढवली तर ४५ अंशांना स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. जमीन जवळ दिसते, वळण अपुरं वाटतं, पाय रडर (शेपटीवरचं सुकाणू) दाबतो, हात योक ओढतो, आणि आतला पंख स्टॉल होऊन विमान स्पिनमध्ये जातं, म्हणजे गरगरत खाली पडतं. ३०० फुटांवरून स्पिनमधून बाहेर पडायला जागा नसते. समोर, डावी-उजवीकडे तीसेक अंशांत जे मिळेल त्यात, पंख समतल ठेवून, कमी वेगाने बसलेले लोक बहुतेक वेळा चालत बाहेर येतात.

५ मार्च २०१५ ला अभिनेते हॅरिसन फोर्ड सांता मोनिकाहून जुन्या रायन पीटी-२२ मधून निघाले आणि थोड्याच वेळात इंजिनाची ताकद गेली. त्यांनी टॉवरला परत येतो म्हणून सांगितलं, पण पोचणार नाही हे दिसताच जवळच्या गोल्फच्या मैदानावर विमान उतरवलं. एका झाडाला लागूनही वाचले. कार्ब्युरेटरचा मुख्य जेट सैल होऊन सुटला होता. खांद्याचा पट्टा बरोबर बसवलेला नसल्यामुळे इजा वाढली, असंही चौकशीत नोंदलं गेलं. आपल्या जवळचं उदाहरण जुलै २०२२ चं. बारामतीहून निघालेलं सेसना १५२ इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात उतरलं. विमानाची मोडतोड झाली, आतल्या शिकाऊ वैमानिकाला मात्र किरकोळ जखमांपलीकडे काही झालं नाही.

माणसाला इजा होते ती किती वेगाने थांबतो आणि किती अंतरात थांबतो यावर. ताशी ८० किलोमीटरवरून तीन मीटरमध्ये एकसारखं थांबलात तर अंगावर साधारण साडेआठ जी (स्वतःच्या वजनाच्या साडेआठपट जोर) येतात, आणि ते आवळलेल्या पट्ट्यांत माणूस सोसू शकतो. दुप्पट वेगाला चौपट अंतर लागतं. म्हणून वाऱ्याच्या समोर उतरण्याला एवढं महत्त्व. ४५ नॉटला टेकताना १० नॉटचा वारा समोर असेल तर जमिनीवरचा वेग ३५, पाठीमागे असेल तर ५५, आणि ऊर्जा जवळजवळ अडीचपट. शेवटी झाडं चुकवता येत नसतील तर दोन झाडांमधून जा, पंख त्यांना लागू द्या. पंख मोडताना जी ऊर्जा खातात ती तुमच्यापर्यंत येत नाही. विमान वाचवायचा विचार त्या क्षणी मनात येऊ देऊ नका. आमच्या संस्थांमध्ये कुणी असं बोलून दाखवत नाही, पण "विमानाचं नुकसान" हा धाक मुलांच्या डोक्यात असतो, आणि तो तिथून काढणं हे इन्स्ट्रक्टरचं काम आहे.

टेकण्याआधी मिक्स्चर आयडल कटऑफ (इंजिनाचं पेट्रोल तोडलेलं), फ्युएल सिलेक्टर बंद, मॅग्नेटो बंद. फ्लॅप पूर्ण घेऊन झाले की मास्टरही (विजेचा मुख्य स्विच) बंद, कारण फ्लॅप विजेवर चालतात. दरवाजे अर्धवट उघडून ठेवा, नाहीतर सांगाडा वाकला की ते अडकतात. मुख्य चाकं आधी, योक पूर्ण मागे, नाकाचं चाक जितका उशीर टेकेल तितकं बरं.

खाली उतरल्यावरची एक गोष्ट परदेशी पुस्तकात सापडणार नाही. दहा मिनिटांत अख्खं गाव गोळा होतं. माणसं प्रेमाने येतात, पाणी देतात, गादी आणतात. त्यातल्या एकाच्या हातात बिडी असते, आणि पंखातून पेट्रोल ठिबकत असतं. पोरं प्रॉपेलरला हात लावतात, आणि मॅग्नेटो नीट बंद नसेल तर प्रॉपेलर एका झटक्यात फिरू शकतो. गर्दीतला वयस्कर, आवाज असलेला माणूस शोधा आणि सगळ्यांना शंभर पावलं लांब ठेवायची जबाबदारी त्याच्यावर सोपवा. ते काम तो तुमच्यापेक्षा चांगलं करतो.

यातलं बरंचसं टळतं ते जमिनीवर. टाकीत डिपस्टिक स्वतःच्या हाताने घालून बघा. पावसाळ्यात रात्रभर बाहेर उभ्या विमानाच्या टाकीच्या झाकणाचं रबर जुनं असेल तर पाणी आत जातं. सकाळी ड्रेन केलेल्या निळ्या पेट्रोलच्या तळाशी ते बुडबुड्यासारखं वेगळं बसलेलं दिसतं. पंख हलवून पुन्हा काढा, स्वच्छ येईपर्यंत. डाव्या स्ट्रटपाशी टाकीचा व्हेंट (टाकीत हवा येण्याची नळी) आहे, तो वाकून बघा. कुंभारीण माशी त्यात माती भरते, आणि व्हेंट बंद झाला की टाकीत पेट्रोल असूनही इंजिन उपाशी राहतं. पावसाळी दमट हवेत बाहेर २०-२५ अंश असतानाही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. पॉवर कमी करून उतरताना कार्ब हीट आधी ओढा. वितळलेलं पाणी आत गेल्यावर इंजिन काही सेकंद आणखी खडखडतं. त्याला घाबरून नॉब परत आत ढकलू नका.

आणि दर टेकऑफआधी, एकटे असलात तरी, मोठ्याने बोला: "धावपट्टीवर गेलं तर थ्रॉटल बंद, ब्रेक. वर गेल्यावर गेलं तर नाक खाली, समोर डावीकडचं माळरान. हजार फुटांखाली वळणार नाही." कुठलं माळरान, ते त्या दिवशीच्या वाऱ्यानुसार ठरवून बोला.

पुढच्या सॉर्टीला (उड्डाणाला) इन्स्ट्रक्टरना एक विनंती करा. बाहेर सरावाच्या भागात जाऊन तीन हजार फुटांपासून पूर्ण फोर्स्ड लँडिंग करण्याऐवजी, टॉवरच्या परवानगीने आपल्याच धावपट्टीवर, डाउनविंडला उंबरठ्याच्या बाजूला १००० फुटांवर थ्रॉटल बंद करून पाच ग्लाइड अप्रोच करा. प्रत्येक वेळी वारा, बेसचं वळण कुठे घेतलं आणि चाकं कुठे टेकली, हे वहीत लिहा. पाचव्या वेळेपर्यंत स्ट्रटवरची जागा तुमची तुम्हाला सापडलेली असेल. त्यानंतर शेतावर जा, आणि तिथे फसलात तर त्या पाच ओळी सोबत पाठवा, कुठे चुकतंय ते त्यावरून सांगता येईल.